खडकजवळ्याचा मान

"आकाशातून सात पिढ्या खाली उतरल्या ना, तरी खडकजवळ्याला मला गाढवावर बसवता यायचं नाही," मुनीम म्हणाला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

सोपानच्या टपरीवर आम्ही तिघंच. मी, बाबूमियाँ गादीवाला आणि हा उत्रेश्वर मुनीम. तिघांची घरं एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लावून. उत्रेश्वर आडतीत मुनीम होता, पण ऐट मालकाची. कडक इस्त्रीचा पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, तिरकी टोपी. धुळीतनं चालला तर धुळीनंच बाजूला व्हावं अशी चाल. असला माणूस दिसला की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागतात. देवानं काही माणसं माझ्यासाठीच घडवून पाठवली आहेत, असं मला आजही वाटतं.

"मी बसवतो की," मी म्हणलं.

"तू?"

"मी. या धुळवडीला. खडकजवळ्यात. दिवसाढवळ्या."

"दिग्या, वडापची जीप चालव. ते बरं जमतं तुला."

"लाव पैज."

"लाव! तू मला बसवलंस तर मी शनिवारच्या बाजारात या पारावर उभा राहून गाढवासारखा ओरडीन. नाही बसवलंस तर तू ओरडायचं."

"बाबूमियाँ, ऐकलं?"

बाबूमियाँनं दोन्ही हात वर केले. "मैं सुन्या. अल्ला बी सुन्या. आता कुणी पलटायचं नाही."

आता खडकजवळ्याची रीत सांगतो. धुळवडीला त्या गावात एका जावयाला धरतात. गाढवावर उलटं बसवतात, तोंड शेपटीकडं. गळ्यात फाटक्या चपलांची माळ, तोंडाला काजळ, आणि डबे बडवत वेशीपासून मारुतीपर्यंत मिरवतात. सूर्य डोक्यावर आला की खेळ संपला. मग अंघोळ घालून नवे कपडे, सोन्याची अंगठी. दरवर्षी एकेका घराची पाळी. जावयाला वाटते ती बेइज्जती, पण सासऱ्याचा तो मान. ज्याचा जावई मिरवला, तो सासरा वर्षभर पारावर मधोमध बसतो. त्यामुळं जावई पळतात आणि गाव त्यांना हुडकतं.

आदल्या साली पाळी निवृत्तीतात्यांच्या घरची होती. निवृत्तीतात्या म्हणजे मुनीमाचा सासरा. म्हाताऱ्यानं अंगठी करून ठेवलेली, कपडे शिवून ठेवलेले. गाव दाराशी आलं, आणि आमचे मुनीम बायकोचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, मागल्या दारानं पळाले. वेशीवरच्या बायकांनी त्यांना वाट करून दिली, "माय, सांभाळून जा," असं म्हणून! कळलं तेव्हा गाव हसून हसून लोळलं. तात्यांची पाळी वाया गेली म्हणून गावानं ती पुढच्या साली ढकलली.

पण ते हसू प्रयागवैनीच्या कपाळी आलं. मुनीमाची बायको. पाणवठ्यावर गेली की "तुझं लुगडं कुठंय गं, नवऱ्याच्या अंगावर का?" दिवाळीला भाऊबीजेला म्हणून माहेरी गेली आणि परत आलीच नाही. मुनीम गल्लीत सांगायचा, "सासूबाईंचे गुडघे धरलेत." मी मनात म्हणायचो, गुडघे होळीपर्यंत कसे काय धरून बसलेत?

खरं काय ते मी एका भाड्याला खडकजवळ्याला गेलो तेव्हा कळलं. पैज लागल्यावर ते भाडं मुद्दाम घेतलं. वेशीच्या कट्ट्यावर तात्या बसलेले. वाळून खारीक झालेला म्हातारा, पण पाठ सरळ.

"तात्या, या धुळवडीला जावई आणतो. गाढव तयार ठेवा."

म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "चेष्टा करायला का पोरा?"

"चेष्टा माझा धंदाच आहे. पण ही खरी आहे. सकाळी सकाळी आणून उभा करतो. तुमच्या लोकांनी फाट्यावर नुसतं झेलायचं."

"यील का पर तो?"

"त्याला माहीत असेल तर येईल का? माझी जबान."

तात्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मागं घागर घेऊन प्रयागवैनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, "भावजी, मी त्यांना सांगून ठेवलंय. ज्या दिवशी माझ्या बापाचा मान द्याल, त्या दिवशी तुमच्या घरात पाय टाकीन. नाही तर हितंच बरी आहे मी."

"मिळेल मान," मी म्हणलं. आणि मनात ठरवलं, हसून पोट दुखेल असा मिळेल.

*

धुळवडीच्या सकाळी मुनीमाला गल्लीतनं बाहेर काढणं सोपं होतं. त्या दिवशी तो घराला कडी लावून बसायचा, पांढऱ्या कपड्यांवर शिंतोडा उडू नये म्हणून. मी म्हणलं, "अरे बाबूमियाँची गादी त्याच्या बहिणीच्या गावी पोचवायची. तिकडं धुळवड खेळतच नाहीत. बहीण मटण करतीय. चल."

"वाटेत पोरं रंग टाकतील."

"गादीखाली झोप की. तुझ्या अंगावर गादी, गादीवर बाबूमियाँ. रंगाला आत शिरायला जागा कुठाय?"

आणि झोपला की हो! स्वतःच्या पायांनी जीपमध्ये चढला, फळीवर सतरंजी टाकली, इस्त्री मोडू नये म्हणून हात अंगाला चिकटवून सरळ पडला. वर नवी कोरी कापसाची गादी, वर बाबूमियाँ. मयत न्यायला निघाल्यासारखे आम्ही निघालो. आतनं आवाज यायचा, "कुठवर आलं?"

"तुझ्या सासरवाडीच्या बरोबर उलट दिशेला," मी सांगायचो, आणि बाबूमियाँ दाढी तोंडात धरून हसायचा.

खडकजवळ्याच्या फाट्यावर महादू पैलवान आणि पोरं दोरखंड घेऊन उभी असणार होती. महादू म्हणजे तात्यांचा पुतण्या, खांद्यावर मानच नाही असला गडी. मी स्टेअरिंगवर ताल धरलेला. डोळ्यापुढं चित्र दिसत होतं. गादी उचलली, मुनीम उठला, आणि समोर गाढव.

आणि माळावर, जिथं झाड नाही, घर नाही, चिटपाखरू नाही, तिथं माझ्या जीपची क्लच प्लेट जळाली.

करपट वास आला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागेवर. मी बोनेट उघडलं, बंद केलं. उघडलं, बंद केलं. काही उपयोग नाही. धुळवडीच्या दिवशी मिस्त्री कुठला? सगळे नशेत, सगळे रंगात. एष्टी बंद. रस्त्याला एक सायकल दिसेना.

"काय झालं रे?" गादीखालनं आवाज आला.

बाबूमियाँ उठला. गादी उचलली गेली. मुनीम घामानं निथळत बाहेर आला, टोपी नीट केली, चौफेर बघितलं. आणि त्याची नजर लांबच्या टेकडीवर गेली. टेकडीवर पांढरं देऊळ. खडकजवळ्याच्या खंडोबाचं.

मी आयुष्यात बऱ्याच माणसांची तोंडं उतरताना बघितलीयत. असं चवीनं उतरलेलं तोंड पुन्हा नाही बघितलं.

"दिग्या…"

"काय?"

"ही माझ्या सासरवाडीची वाट आहे."

"असं का? वाट तुझ्या सासऱ्याच्या नावावर झाली कधी?"

"भडव्या!" म्हणून तो अंगावर आला. बाबूमियाँ मध्ये पडला. "मुनीमसाब, मारामारी करू नका, कपडे मळतील!" आणि काय सांगू, कपडे म्हणल्याबरोबर तो थांबला. हात वर केलेला तसाच खाली घेतला. अशा माणसाशी वैर तरी कसं धरायचं?

पण तो बिथरला होता. एवढ्या उन्हात पळून कुठं जाणार? पुढं खडकजवळा, मागं रंग घेतलेली गावं. जीपच्या सावलीत बसला. दर घडीला उठून सूर्याकडं बघायचा. माझ्या कपाळात गेलेलं. महादू फाट्यावर वाट बघत असेल, म्हातारा वेशीवर. आणि मी इथं माळावर दगड मोजत.

सूर्य चढत गेला. जशी सावली आखडत गेली, तसा मुनीमाचा चेहरा फुलत गेला. आधी तो गुणगुणायला लागला. मग त्यानं पाय लांब केले. आणि सावली जीपच्या बुडाखाली शिरली तेव्हा तो टुणकन उठला.

"बारा!" तो ओरडला. "डोक्यावर आला! खेळ संपला! बाबूमियाँ, तू साक्षीदार. दिग्या हरला!" आणि कमरेवर हात ठेवून, त्या माळावर, तो मुनीम नाचला. खरंच नाचला. मला बोटानं दाखवत, "ओरडून दाखव रं गाढवा, ओरडून दाखव," असं गाणं रचून नाचला.

बाबूमियाँ मला हळूच म्हणाला, "दिगूभाऊ, घसा साफ ठेव."

तेवढ्यात एक बैलगाडी आली. गाडीवाला निर्मळ होता, माळकरी, रंगातला नाही. म्हणाला, "मिस्त्री खडकजवळ्यात हाय. बैल लावून वढून नेतो की."

मला वाटलं मुनीम नको म्हणेल. पण त्याच्या अंगात वारं शिरलेलं. "चला की! आता काय भीती? खेळ संपलाय. जावई म्हणून तोऱ्यात जातो, सासऱ्याच्या घरी जेवतो, बायको घेऊन येतो. बघतो कोण नाही म्हणतं!" पुढच्या सीटवर बसला, टोपी तिरकी केली, आणि बैलांनी ओढलेल्या जीपमधनं वरातीत निघाल्यासारखा निघाला. "हळू चालव रे," बैलवाल्याला म्हणाला, "लोकांना दिसलं पाहिजे."

*

दिसलं. सगळं दिसलं.

फाट्यावर कोणी नव्हतं. नुसतं दोरखंड पडलेलं. वेशीतनं आत शिरलो, तर पारावर माणसं बसलेली. हसत होती, पण ते हसणं मला ओळखीचं होतं. मी स्वतः पिकवतो तो माल. कुणाचं तरी काहीतरी मोडल्यावर जे हसू येतं ना, तसलं.

बाजूला खुंटाला गाढव बांधलेलं. पारावर निवृत्तीतात्या बसलेले. तोंडाला काजळ, धोतर चिखलानं बरबटलेलं, आणि गळ्यात चपलांची माळ. मांडीवर नव्या कपड्यांचं गाठोडं.

मुनीम जीपमधनं उतरायला गेला तो पाय अधांतरी ठेवूनच थांबला.

महादू पैलवान माझ्याजवळ आला. "लई वाट बघितली दिगंबरभाऊ. तुमचा निरोप म्हणून दुसरा जावई धरलाच नाही. पोरं म्हणाली, औंदा बी तात्याचा जावई पळाला. म्हणली, जावई नाही तर सासरा बसवू. म्हातारा म्हणाला, बसवा. पाळी माझ्या घरची हाय, रीत मोडायची न्हाई. आन आपल्या पायानं चढला." पैलवानानं पाराकडं बोट केलं. "माळ काढू दीना आता. म्हणतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला बघू द्या."

मुनीम पुढं झाला. "मामा…"

तात्यांनी मान वर केली. डोळे बारीक करून बघितलं, जसं उन्हात लांबचं बघावं. "कोण पाव्हणं? कुठल्या गावचं?"

पारावर खसखस पिकली.

"मामा, मी उत्रेश्वर."

"ओळखलं न्हाई बाबा. वय झालं."

"पाव्हणं वाट चुकलं असतील," एक म्हातारी म्हणाली. "लुगडं घरी इसरून आलं वाटतं!"

आता पार गदगदून हसायला लागला. मीही हसलो, खोटं का बोलू? हसू म्हणजे हसू, ते सोयरं बघत नाही.

प्रयागवैनी घरातनं तांब्या घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले, पण चाल ताठ. नवऱ्यापुढं तांब्या धरला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "पाणी घ्या पाव्हणं. मिस्त्री वरच्या आळीला राहतो. गाडी झाली की उजेडात निघा, वाट चांगली न्हाई."

त्याच्या हातात तांब्या तसाच. तो प्यायला नाही, ठेवला नाही.

आणि मग मी एक गोष्ट बघितली. आयुष्यभर गाढवाला घाबरलेला हा माणूस पोरांकडं बघत होता. दोरखंडाकडं बघत होता. त्याचे हात अंगापासून थोडे सुटे झाले होते, जसं धरायला येणाऱ्याला सोपं जावं. तो वाट बघत होता. कुणीतरी यावं, धरावं, ओढावं. एक पोरगं बसल्या जागी जांभई देऊन कान खाजवायला लागलं. बाकी कुणी हललं नाही.

"महादू," तो म्हणाला. "धर की मला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? जावई आहे मी या गावचा."

"जावई आमच्यात सूर्य डोक्यावर यायच्या आत येतात," महादू म्हणाला. "आन गाढव दमलंय. म्हाताऱ्याला घेऊन सगळा गाव फिरलंय ते."

"पाव्हणं, मिरवायचीच हौस असंल तर पुढच्या गावाला जावा," पारावरनं कुणीतरी म्हणलं. "तिथं तमाशा हाय, नाच्या पाहिजे त्यांना."

मुनीमानं तांब्या खाली ठेवला. टोपी काढून तांब्यावर ठेवली. तात्यांच्या पुढं गेला, वाकला आणि त्यांच्या गळ्यातली माळ काढायला हात घातला. तात्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"सोडा मामा. माझी आहे ती."

"तुझी असती तर सकाळी आला असतास."

"सोडा."

दोघंही ओढायला लागले. एक फाटकी चप्पल तुटून खाली पडली. म्हाताऱ्यानं शेवटी हात सोडले. मुनीमानं माळ आपल्या गळ्यात घातली. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर त्या शेणामातीच्या चपला. मग तो हौदाच्या कडेला गेला, जिथं सकाळच्या रंगाचा आणि चिखलाचा रबडा साचला होता, आणि त्यात बसला. सरळ बसला. हातांनी चिखल उचलून तोंडाला, डोक्याला, शर्टाला लावला. बाबूमियाँ माझ्या कानात म्हणाला, "या अल्ला, याची इस्त्री गेली!"

गाढवाजवळ गेला. गाढवानं त्याला पाडलं. पुन्हा चढला, पुन्हा पाडलं. कोणी धरायला पुढं आलं नाही. तिसऱ्यांदा पोटावर आडवा पडून, धान्याच्या पोत्यासारखा, वर सरकला आणि सरळ झाला. गाढव हलेना. पारावरचा गाव नुसता बघत होता. मानेनं सुद्धा कुणी होकार दिला नाही. त्याला वाटलं असेल की चढलो की झालं, लोक डबे बडवतील. एक डबा वाजला नाही. एवढ्या माणसांत तो एकटा गाढवावर, आणि ती सगळी जणू दुसऱ्याच गोष्टीकडं बघतायत.

मला राहवेना. अशी सोन्यासारखी मजा आणि वाजवायला कोणी नाही? मी जीपमधला तेलाचा रिकामा डबा काढला, स्पॅनर घेतला आणि बडवायला सुरुवात केली. गाढव माझ्या आवाजानं दचकून चालायला लागलं. पुढं गाढव, मागं मी, माझ्या मागं बाबूमियाँ. एवढीच मिरवणूक. "बघा हो बघा," मी ओरडत होतो, "उत्रेश्वर मुनीम, लुगड्यातनं बाहेर आला!" दारादारातनं बायका बघत होत्या. कोणी हसलं नाही. मी जन्मात पहिल्यांदा अशा गर्दीपुढं विनोद करत होतो जिला माझा विनोद नको होता. मी आणखी जोरानं बडवला.

गल्लीच्या वळणाला प्रयागवैनी आडवी आली. गाढव थांबलं. मी डबा थांबवला.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. चिखलातनं त्याचे दोन डोळे तेवढे दिसत होते.

"उलटं बसा," ती म्हणाली.

"काय?"

"उलटं बसायचं असतं. रीत आहे. तोंड शेपटीकडं."

तो उतरला नाही. गाढवावरच, धडपडत, एक पाय वर, मग दुसरा, माळ अडकतीय, पडता पडता तो फिरला. आता त्याचं तोंड आमच्याकडं झालं. वैनीनं गाढवाचा कान धरला आणि गाढव चालवायला लागली. स्वतः. बापाच्या घरावरनं, मारुतीच्या दिशेला.

आणि मग त्या गावात जे व्हायला लागलं त्याला आवर नव्हता. एक डबा वाजला, मग दुसरा. पोरं धावली. बायकांनी वरनं राख ओतली, कुणी शेण फेकलं. महादूनं त्याला दोनदा गाढवावरनं ओढून हौदात बुडवलं आणि पुन्हा वर टाकलं. "लुगडं नेसवा रं!" कुणीतरी ओरडलं आणि त्याच्या डोक्यावर एक जुनेर टाकलं. त्यानं ते स्वतःच पदरासारखं घेतलं. गाव असं हसलं, असं हसलं, की मारुतीच्या कळसावरची पारवी उडाली. खडकजवळ्यात त्या दिवशी एवढी निर्दय मिरवणूक झाली, की तिथले लोक अजून नाव काढतात.

मारुतीपुढं तात्यांनी त्याला हात देऊन उतरवलं. अंघोळ घातली. नवे कपडे दिले. मुनीमानं अंगठीसाठी बोट पुढं केलं. तात्यांनी ते बोट बाजूला केलं.

"अंगठी पुढच्या साली," म्हणाले. "सकाळी आलात तर."

*

मिस्त्रीनं जीप चालू करून दिली. उजेडातच निघालो. मागं प्रयागवैनी, गादीवर तिचं गाठोडं. तिच्या बाजूला मुनीम, नखांत अजून चिखल; पुढं माझ्या शेजारी बाबूमियाँ. मी खुशीत शीळ घालत होतो.

"वैनी," मी म्हणलं, "सकाळी गाडी बंद पडली नसती, तर ही सगळी कटकट झाली नसती. फाट्यावरच झेलला असता."

"बरं झालं बंद पडली," ती म्हणाली.

"ते कसं?"

"दोरीनं बांधून बसवला असता तुम्ही. गाव हसलं असतं, अंगठी मिळाली असती, आणि मी माहेरीच राहिले असते. बांधून आणलेला नवरा मला नको होता भावजी."

मुनीम बाहेर बघत होता. त्याच्या कानामागून चिखलाचा एक वाळलेला पोपडा गळून पडला. वैनीनं तो उचलून बाहेर टाकला.

"ते असो," मी म्हणलं. "शनिवारी बाजारात ओरडायचंय, मुनीम. घसा सांभाळ."

मुनीम नखातला चिखल कोरत बसला. वैनीच म्हणाली, "बघू की शनिवारी."

शनिवारी बाजार असा भरला होता, की भाजीवाल्यांनी भाजी सोडून तोंडं पाराकडं केली होती. मी गल्लीला, पलीकडच्या गल्लीला, स्टँडवरच्या सगळ्या वडापवाल्यांना सांगून ठेवलेलं. मुनीम पारावर चढला. पांढराशुभ्र, टोपी तिरकी, पण आता तिरकी टोपी त्याच्या डोक्यावर शोभेना. त्यानं तोंड उघडलं.

"थांबा," मागून आवाज आला.

प्रयागवैनी. तिच्यासोबत निवृत्तीतात्या. सोपाननं बाकडं पुढं सरकवलं, तात्या बसले. काठी दोन्ही गुडघ्यांत धरली, सोपाननं चहाची बशी हातात दिली.

"बाबूमियाँ," वैनी म्हणाली, "पैज काय होती? सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

बाबूमियाँनं खाकरून सांगितलं. "दिगूभाऊनं मुनीमसाबला गाढवावर बसवलं तर मुनीमसाब ओरडणार. नाही बसवलं तर दिगूभाऊ."

"यांना बसवलं कुणी?"

बाजारानं माना माझ्याकडं वळवल्या.

"मी आणलं की!" मी म्हणलं. "माझी गाडी, माझी शक्कल!"

"तुमची गाडी माळावर मेली. तुम्हाला आणलं ते बैलांनी. आणि हे चढले तेव्हा गावात कुणी हात लावला नाही. तुम्ही पण नाही. तुम्ही डबा वाजवत होता." ती दोन पावलं पुढं आली. हळू बोलत होती, पण शब्द स्वच्छ. "गाढवावर तुम्ही बसवलं ते एकाच माणसाला, भावजी. तो हा इथं बाकड्यावर बसलाय. माझा बाप."

कुणीतरी "खरंय" म्हणलं. मग दुसऱ्यानं म्हणलं. मग सगळा बाजार म्हणायला लागला. मी बाबूमियाँकडं बघितलं, तो आभाळाकडं बघत होता.

"अरे, पण…" मी हसत म्हणलं. नेहमी हसत म्हणलं की निभतं. त्या दिवशी निभेना.

मुनीम पारावरनं खाली उतरला. टोपी काढली आणि मला हात करून वर जायला वाट दिली. "चढ दिग्या," म्हणाला. एवढंच. गाणं नाही, नाच नाही. त्यानं नाच केला असता तर बरं झालं असतं.

मी चढलो. माझ्यासारखा माणूस असल्या वेळी लाजत नाही. लोकांना द्यायचं तर दणदणीत द्यायचं. कमरेवर हात ठेवले, मान वर केली, डोळे मिटले आणि अशी आरोळी ठोकली, की कुंभारगल्लीपर्यंत गेली. बाजार फुटला. बायका पदरात तोंड घालून हसल्या. एक पोरगं हसता हसता भोपळ्यांवर पडलं. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा. मग हसू कमी झालं तरी मी ओरडत होतो, कारण थांबायला कोणी सांगेना.

"कधी थांबायचं ते आमचे तात्या सांगतील," वैनी म्हणाली.

मी तात्यांकडं बघितलं. घसा फाटला होता. लोक आता हसत नव्हते, नुसते उभे राहून बघत होते. तात्यांनी कानाला हात लावला. "ह्यो घोडा झाला," म्हणाले. "गाढव कुठंय?"

मी ओरडलो.

तात्यांनी बशी तोंडाला लावली, सावकाश फुंकली, घोट घेतला. मग सोपानकडं वळून म्हणाले, "आनखी एक टाक. कडक."